एक कादंबरी, अनेक विषय: ‘बनगरवाडी’च्या आधाराने घरचे शिक्षण

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेल्या पालकांपुढे पहिल्या काही महिन्यांतच एक अडचण उभी राहते. शाळा सुटते, पण शाळेचे वेळापत्रक घरात येऊन बसते. सकाळी नऊला गणित, दहाला मराठी, अकराला भूगोल अशी दिवसाची वाटणी झाली की आईला किंवा वडिलांना एकाच दिवसात पाच विषयांचे शिक्षक व्हावे लागते, आणि मूल पाच पुस्तकांतल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या पानांवरून फिरत राहते. यावर गृहशिक्षण करणाऱ्या अनेक कुटुंबांनी अवलंबलेला एक मार्ग म्हणजे कादंबरीवर आधारलेला अभ्यासघटक. एक चांगली कादंबरी निवडायची, ती सहा ते आठ आठवडे सावकाश वाचायची, आणि वाचताना जे प्रश्न पडतील त्यांच्या मागे जात भूगोल, इतिहास, विज्ञान, गणित आणि भाषा शिकायची, असे त्याचे स्वरूप असते.

ऐकायला हे सोपे वाटते, पण त्यात एक धोका आहे. कादंबरीत मेंढ्या आल्या म्हणून ‘एका कळपात ४५ मेंढ्या, दुसऱ्यात ३७, तर एकूण किती?’ असे उदाहरण मुलापुढे ठेवले, तर ते गणित कादंबरीतून आलेले नसते, तिच्यावर चिकटवलेले असते. मेंढ्यांच्या जागी आंबे घातले तरी त्यात काही बदलत नाही. याउलट, सलग दोन वर्षे पाऊस पडला नाही तर एवढा कळप घेऊन माणसे कुठे जातील, किती दिवस तग धरतील, हा प्रश्न कथा समजून घेण्यासाठीच विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर शोधताना गणित, भूगोल व विज्ञान आपोआप लागते. या पद्धतीचे सारे यश या एका फरकावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. म्हणून पुढील विवेचनात हा फरक एका प्रत्यक्ष कादंबरीच्या आधाराने दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

या विचाराची मुळे आपल्याकडेही आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. त्या शिक्षणपद्धतीत ‘समवाय’ हे तत्त्व मध्यवर्ती होते. सूतकताई, शेती यांसारखा एखादा उद्योग मुलाने खरोखर करायचा आणि त्या उद्योगातून निघणाऱ्या गरजांनुसार गणित, विज्ञान, भूगोल शिकायचा, असा त्याचा अर्थ होता. कादंबरीवर आधारलेल्या घटकात उद्योगाची जागा कथा घेते. समवाय पद्धतीवर त्या काळीही एक रास्त आक्षेप घेतला जात असे की उत्साहाच्या भरात शिक्षक कोणताही विषय ओढूनताणून चरख्याशी जोडू लागतात. तोच आक्षेप आज कादंबरीच्या बाबतीतही ध्यानात ठेवायला हवा.

कादंबरीची निवड

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणदेशातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर नव्यानेच नेमणूक झालेला तरुण शिक्षक तेथे जातो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, हळूहळू वाडीच्या सुखदुःखात मिसळतो, लोकांच्या श्रमातून तालीम उभी करतो आणि अखेरीस दुष्काळाने वाडी रिकामी होताना पाहतो, एवढेच तिचे कथासूत्र आहे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ही कादंबरी मला अतिशय योग्य वाटते. ती लहान असल्यामुळे सहा आठवड्यांत घाई न करता वाचून होते. तिच्यातला प्रदेश नकाशावर दाखवता येतो आणि प्रत्यक्ष जाऊन पाहताही येतो. लेखकाने तो प्रदेश आतून पाहिलेला आहे. माडगूळकरांचा जन्म १९२७ मध्ये माणदेशातल्या माडगुळे या गावी, तत्कालीन औंध संस्थानात झाला. त्यामुळे त्यांनी लिहिलेले तपशील अभ्यासाचा भार पेलतात. पाऊस, माती, जनावरे, पैसा, सत्ता आणि माणसे यांचे संबंध कथेत इतके घट्ट विणलेले आहेत की एक धागा ओढला की दुसरा हलतो.

कादंबरी निवडताना पालकांनी एक काळजी घ्यावी. केवळ माहितीने भरलेली म्हणून एखादी कादंबरी निवडू नये. जी वाचताना पालकाला स्वतःला पुढचे पान उलटावेसे वाटते, तीच निवडावी. जिच्यात आपलेच मन रमत नाही ती कादंबरी सहा आठवडे मुलासोबत वाचणे कठीण जाते, आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येते.

निवड झाल्यावर पालकाने आधी एकट्याने संपूर्ण पुस्तक वाचावे, पेन्सिल हातात धरून, आणि जिथे स्वतःला काही कळले नाही तिथे खूण करावी. या खुणाच पुढे अभ्यासाचे दरवाजे ठरतात. घोंगडे कसे विणतात हे आपल्याला माहीत नाही, संस्थान म्हणजे नेमके काय हे धड सांगता येत नाही, माण नदी कुठून कुठे वाहते हे नकाशात पाहावे लागते, अशा प्रामाणिक अज्ञानातून तयार झालेली यादी तयार प्रश्नावलीपेक्षा कितीतरी उपयोगी असते.

मुलासोबतचे वाचन मात्र वाचनच राहावे. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा-पाऊण तास मोठ्याने वाचावे, मध्ये थांबून शब्दार्थ विचारू नयेत, आणि वाचून झाल्यावर मुलाला आपल्या शब्दांत तेवढा भाग सांगू द्यावा. एवढ्यानेच आकलनाची परीक्षा होते. प्रत्येक पानावर अभ्यास काढत बसले तर मास्तर वाडीवर पोहोचण्यापूर्वीच मुलाचा रस संपतो. मला योग्य वाटणारा क्रम असा आहे की सकाळी वाचन व्हावे आणि त्यातून निघालेल्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा दुपारी करावा.

पाऊस, माती आणि मेंढरे

‘बनगरवाडी’तला दुष्काळ हा केवळ शेवटचा प्रसंग नाही. सुरुवातीपासूनच्या उजाड माळांत, लांबच लांब पायवाटांत, मेंढरांवर चालणाऱ्या जीवनात तो दबा धरून बसलेला आहे. म्हणून भूगोलाचा मुख्य प्रश्न आपोआप पुढे येतो: या भागात पाऊस का पडत नाही?

मुलापुढे महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा ठेवावा आणि महाबळेश्वर व माण तालुक्यातले दहिवडी ही दोन ठिकाणे दाखवावीत. दोन्ही सातारा जिल्ह्यातच आहेत आणि त्यांच्यातले सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माणदेशात जेमतेम चारशे ते पाचशे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढू लागतात. वर हवेचा दाब कमी असल्यामुळे हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून तीच हवा पूर्वेकडे खाली उतरते तेव्हा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा शंभर मीटर खाली आली की सुमारे एक अंश सेल्सिअसने गरम होते. गरम हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून वर ढग दिसले तरी ते बरसत नाहीत. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द पाठ्यपुस्तकात येतो, पण एका वाडीचे भवितव्य या प्रक्रियेवर टांगलेले आहे हे ठाऊक असलेल्या मुलाला तो वेगळ्याच गांभीर्याने समजतो.

येथे आणखी एक गोष्ट शिकवता येते, आणि ती मला भूगोलापेक्षाही मोलाची वाटते. सरासरी या संख्येवर किती विसंबायचे? महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर तालुकावार पावसाचे आकडे मिळतात. मुलाने आटपाडी, माण किंवा सांगोला तालुक्याच्या काही वर्षांच्या पावसाचे आकडे लिहून घ्यावेत, स्तंभालेख काढावा, सरासरी काढावी आणि मग प्रत्येक वर्ष त्या सरासरीपासून किती दूर गेले ते पाहावे. वार्षिक सरासरी बरी दिसत असतानाही पाऊस पेरणीच्या वेळी दडी मारून नंतर एकदम कोसळला तर पीक हातचे जाते, हे त्याला महिनावार आकड्यांवरून दिसेल. माणदेशाची बरीच भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर असते, कारण शाळू त्याच ओलीवर येतो. आकडेवारीचा हा पाठ कादंबरीतल्या लोकांची आभाळाकडे लागलेली नजर समजावून देतो, म्हणून तो अस्सल आहे.

त्याच नकाशावर माण नदी शोधावी. सातारा जिल्ह्यातल्या महादेव डोंगररांगेत उगम पावून, म्हसवड, आटपाडी, सांगोला या भागांतून वाहत ती भीमेला मिळते, आणि वर्षाचा मोठा काळ तिचे पात्र कोरडे असते. ज्या मुलांना पुढे जायचे असेल त्यांनी कादंबरीनंतरच्या काळाचाही शोध घ्यावा. कराडजवळच्या टेंभू येथून कृष्णेचे पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी तालुक्यांकडे नेणारी योजना आज आटपाडीच्या परिसरापर्यंत पोहोचली आहे. पाणी वर चढवायला ऊर्जा लागते, ऊर्जेला पैसा लागतो, मग ते पाणी कोणत्या पिकाला द्यावे, हा वाद चौदा वर्षांच्या मुलाला पूर्णपणे समजू शकतो.

विज्ञानाचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे मेंढी. माळावरचे वाळके गवत खाऊन ती जगते कशी? माणसाला सेल्युलोज पचवता येत नाही, मेंढीच्या जठराला मात्र चार कप्पे असतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव ते तिच्यासाठी पचवतात. निवांत बसल्यावर ती अर्धवट खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून रवंथ करते. पचनसंस्थेचा धडा मुलाने आधी पाठ केला असेल, तर आता माणसाची आणि मेंढीची आकृती शेजारी शेजारी काढून त्यातला फरक समजावून सांगायला लावावा. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. यावरून कळप किती वेगाने वाढू शकतो याचा अंदाज बांधता येतो, आणि दुष्काळात अर्धा कळप गेला तर तो पुन्हा उभा राहायला किती वर्षे लागतील, हेही मांडता येते. हे गणित सोपे नाही, कारण त्यात नर-मादी प्रमाण, कोकरांची मरतूक, विक्री अशी गृहीतके आपणच धरावी लागतात. ती गृहीतके लिहून काढणे आणि ती बदलली की उत्तर कसे बदलते हे पाहणे, हेच त्या उदाहरणातले खरे शिक्षण आहे.

धनगर रानोमाळ हिंडताना शेतकऱ्यांच्या शेतात मेंढरे बसवतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. लेंड्या आणि मूत्र यांतून जमिनीला नत्र मिळते. शेतकरी व मेंढपाळ यांचा हा व्यवहार जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवतो. लोकरीसाठी घरात एक प्रयोग करावा. लोकरीचा, सुताचा आणि कृत्रिम धाग्याचा एकेक तुकडा चिमट्यात धरून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि ज्योत दूर केली की बहुधा विझते, सूत कागदासारखे जळते, कृत्रिम धागा वितळून गोळा होतो. प्रथिन, सेल्युलोज आणि प्लॅस्टिक हे तीन शब्द यानंतर सांगितले तर ते लक्षात राहतात. दख्खनी मेंढीच्या जाडभरड्या लोकरीचे घोंगडे विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ का लावतात, हा पुढचा प्रश्न मूल बहुतेक स्वतःच विचारते.

संस्थान, रुपया आणि राखणदार

कादंबरीतल्या तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. आजच्या मुलाला तो प्रसंग परीकथेसारखा वाटण्याची शक्यता आहे, म्हणून येथे थांबून खरा इतिहास सांगावा. स्वातंत्र्यापूर्वी आजच्या सातारा, सांगली परिसराचा काही भाग थेट इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि काही भाग लहान लहान संस्थानांत विभागलेला होता. औंध हे त्यांपैकी एक. त्याचा मुलूख सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांत विखुरलेला होता, आणि आटपाडी हा त्यातला एक मोठा तुकडा होता. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, कलासंग्राहक होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. व्यायामावर एवढी निष्ठा असलेला राजा आडवाडीच्या तालमीला येतो यात नवल नाही, हे कळल्यावर मुलाला तो प्रसंग पुन्हा वाचावासा वाटतो. औंधच्या टेकडीवरचे श्री भवानी संग्रहालय हा त्यांच्याच संग्रहाचा वारसा आहे. या घटकासाठी एकच सहल काढता येणार असेल तर ती औंधची काढावी, असे मी आग्रहाने सांगेन.

औंधची गोष्ट नागरिकशास्त्रालाही फार मोठी शिदोरी देते. १९३९ मध्ये या राजाने आपली सत्ता स्वतःहून प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने ती आकाराला आली होती. गावच्या पंचायतीला त्या रचनेत मध्यवर्ती स्थान होते. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी भिंती नसलेली खुली वसाहत सुरू झाली. हे सारे वाचल्यावर बनगरवाडीचा म्हातारा कारभारी वेगळा दिसू लागतो. त्याला कोणी मत देऊन निवडलेले नाही, तरीही वाडी त्याचे ऐकते. मग अधिकार कशातून येतो? वयातून, परंपरेतून, विश्वासातून की कायद्यातून? मास्तराचा शब्द वाडीत का मानला जाऊ लागतो? ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती यांच्याकडे या प्रश्नांवरून सहज जाता येते. शक्य असल्यास मुलाला एखाद्या ग्रामसभेला किंवा शहरात राहत असल्यास गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसवावे.

गणितासाठी मला सर्वांत आवडणारा धागा म्हणजे राणीच्या छापाचे रुपये. वाडीतला एक धनगर जपून ठेवलेले जुने चांदीचे रुपये मोडून आणण्यासाठी मास्तराकडे सोपवतो. त्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते आणि त्यातला बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. म्हणजे एका नाण्यात किती शुद्ध चांदी? सुमारे १०.६९ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारने रुपयातले चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि ३१ मार्च १९४१ नंतर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये चलनातून बाद केले. दोन्ही नाण्यांची दर्शनी किंमत एकच, पण चांदी जवळजवळ निम्मी. अशा वेळी लोक कोणते नाणे खर्च करतील आणि कोणते गाडग्यात पुरून ठेवतील? गुणोत्तर, शेकडेवारी, दशांश अपूर्णांक यांचा सराव येथे होतो आणि पैशाची किंमत त्यातल्या धातूत असते की सरकारच्या शब्दात, हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्नही हाती येतो. आजचा चांदीचा भाव वर्तमानपत्रातून काढून त्या नाण्याची आजची धातूमूल्याची किंमत मुलानेच काढावी.

वाडीत रामोशीही आहेत आणि चोरीचा विषय कथेत येतो. येथे पालकाने फार सावध राहायला हवे. एखाद्या जातीविषयी कथेतल्या पात्रांच्या तोंडी आलेले समज मुलाने सत्य म्हणून उचलू नयेत. रामोशी समाज पिढ्यान्‌पिढ्या गावांची आणि किल्ल्यांची राखण करत आला. इंग्रजी अंमलात जुन्या व्यवस्था मोडल्या, राखणीची वतने व हक्क आटले आणि त्यातून असंतोष उसळला. उमाजी नाईक यांचा इंग्रजांविरुद्धचा उठाव त्याच समाजातून झाला आणि १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट उघडली. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी समाजाचा समावेश आहे. माडगूळकरांनी ही माणसे कणवेने रंगवली आहेत, तरीही इतिहासाची ही बाजू सांगितल्याशिवाय तो भाग मुलासोबत वाचू नये, असे मला ठामपणे वाटते.

वाडीतल्या शेकूच्या बायकोचा प्रसंगही असाच थांबून वाचण्याचा आहे. बैलाची जोडी नाही म्हणून ती स्वतः औताला खांदा लावते. यातून बैलाच्या आणि माणसाच्या शक्तीची तुलना करणारे उदाहरण काढण्याचा मोह होईल, तो पालकाने आवरावा. काही पाने केवळ वाचायची असतात. वाचून झाल्यावर मूल गप्प राहिले तर त्याला गप्प राहू द्यावे, आणि दोन दिवसांनी ते स्वतः बोलले तर तेव्हा बोलावे. कारभाऱ्याच्या मुलीवरून मास्तराविषयी येणारा संशय, स्त्रीवर असलेली गावाची नजर हे विषय मुलाच्या वयानुसार कमीअधिक बोलता येतील, मात्र त्यांना वगळून पुस्तक वाचू नये. मुलाला तो भाग अद्याप झेपणार नाही असे वाटत असेल, तर कादंबरीच वर्षभराने घ्यावी.

भाषा, आणि जे या घटकात बसत नाही

भाषेच्या अभ्यासात मी लेखनाला पहिले स्थान देईन. मास्तराचे निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि वाडीकरांचे बोलणे माणदेशी आहे. मुलाने एकच प्रसंग आधी मास्तराच्या आणि नंतर कारभाऱ्याच्या तोंडून लिहावा. व्याकरणाच्या कितीतरी गोष्टी, विशेषतः क्रियापदांची रूपे, त्यात नकळत तपासल्या जातात. वाडीतले लोक मास्तराकडून पत्रे लिहून घेतात, तेव्हा पत्रलेखनाचा सरावही येथे अगदी स्वाभाविक ठरतो. माडगूळकरांची वाक्ये लहान असतात, विशेषणे मोजकी असतात, आणि तरीही चित्र स्पष्ट उभे राहते. आपल्या घरासमोरच्या रस्त्याचे वर्णन मुलाने तसे, एकही अलंकारिक शब्द न वापरता, करून पाहावे. मोठ्यांनाही हा स्वाध्याय अवघड जातो. पुस्तक संपल्यावरच अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये याच कादंबरीवर केलेला चित्रपट पाहावा आणि काय गाळले, काय जपले यावर टिपण लिहावे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना बोलीतले संवाद जड जातात. त्यांच्यासाठी पालकांनी मोठ्याने वाचणे हाच चांगला उपाय आहे, आणि गरज पडल्यास राम देशमुख यांनी केलेला इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवता येतो.

एवढे सारे मिळूनही शालेय अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. बीजगणित आणि भूमिती हे पायरीपायरीने शिकण्याचे विषय आहेत. बैजिक राशींचे अवयव पाडणे किंवा त्रिकोणांची एकरूपता ‘बनगरवाडी’तून शिकवू पाहणे हा मुलावरही अन्याय आहे आणि कादंबरीवरही. म्हणून रोजचा पाऊण तास गणिताच्या क्रमवार अभ्यासासाठी स्वतंत्र ठेवावा. रसायनशास्त्राचा बराच भाग, विद्युत, प्रकाश हे विषयही या घटकात येत नाहीत. तिसरी भाषा वेगळीच चालवावी लागते. कादंबरीवर आधारलेला घटक दिवसातले दोन-तीन तास व्यापतो आणि उरलेला वेळ इतर अभ्यासाला, खेळाला व कामाला असतो, असा हिशेब धरला तर निराशा होत नाही. वर्षातून असे दोन किंवा तीन घटक पुरेसे होतात. एकामागून एक सतत घेतले तर मुलाला केवळ आनंदासाठी वाचायला पुस्तकच उरत नाही.

मूल्यमापनाचा प्रश्न पालकांना सर्वाधिक सतावतो, आणि त्यामागे परीक्षेची काळजी असते. कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे: २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटातील मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, परंतु त्यात पालकांसाठी दंडाची तरतूद नाही आणि गृहशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्थाही नाही. गृहशिक्षण घेणारी अनेक मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतात. तेथे दहावीच्या परीक्षेच्या प्रवेशासाठी किमान वय चौदा वर्षे आहे आणि त्याआधी तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष पातळ्या उपलब्ध आहेत. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या द्यायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे घटक कितीही रंगला तरी त्या त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाशी त्याची तुलना वेळोवेळी करावी लागते.

त्यासाठी एक वही पुरते. पानाच्या डाव्या बाजूला त्या दिवशी कादंबरीतून निघालेला प्रश्न लिहावा आणि उजव्या बाजूला त्यातून अभ्यासक्रमातला कोणता भाग झाला ते लिहावे. मुलाने काढलेले नकाशे, पावसाचे आलेख, नाण्यांची गणिते, जळलेल्या धाग्यांचे नमुने, दोन तोंडांनी लिहिलेला एकच प्रसंग हे सगळे तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवावे. सहा आठवड्यांच्या शेवटी लेखी चाचणी घेण्याऐवजी मुलाने घरातल्या किंवा शेजारच्या अशा कोणाला तरी, ज्याने ही कादंबरी वाचलेली नाही, वाडी का रिकामी झाली हे नकाशा आणि आलेख समोर ठेवून समजावून सांगावे. ऐकणारा जे उलट प्रश्न विचारेल ते वहीत लिहून घ्यावेत. ज्यांची उत्तरे मुलाला देता आली नाहीत ते प्रश्न, आणि उजव्या बाजूच्या यादीत जे भाग कोरेच राहिले ते, यांवरून पुढच्या घटकासाठी कोणते पुस्तक घ्यायचे हे ठरवता येते. समुद्र, बंदर आणि व्यापार हे भाग ‘बनगरवाडी’त कुठेच येत नाहीत, तेव्हा पुढची कादंबरी कोकणातली किंवा गोव्यातली घेणे सोयीचे ठरेल.